बिशाद आणि जामीन

'त्याची काय बिशाद!' हे वाक्य आमच्या कबनुरात दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनात समोरच्या माणसाच्या आगाऊपणाविषयीचा तिटकारा तेवढा असतो. परंतु ज्या काळी हा शब्द मराठी कारकुनाच्या बोरूतून कागदावर उतरत होता त्या काळी त्याची प्रकृती इतकी भांडखोर नव्हती. बिशाद म्हणजे माणसाजवळची चीजवस्त, त्याची पुंजी, तो घरातून निघताना जे काही अंगाखांद्यावर वा घोड्यावर घेऊन निघाला ते सारे. शिवछत्रपतींच्या लष्कराचा शिरस्ता सांगताना कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत बसून जी बखर लिहिली तीत या बिशादीला मोठे मानाचे स्थान आहे. दसऱ्याला लष्कर छावणीतून कूच करी त्या वेळी लहानथोर प्रत्येक असामीची बिशाद लिहून घ्यावी, आठ महिने परमुलखात काढून पावसाळ्याच्या तोंडाशी ते परत आले की तीच यादी पुढे ठेवून झडती घ्यावी, आणि जे अधिक निघेल ते सरकारात जमा करावे, अशी ती व्यवस्था होती. तिचा हेतू उघडच लुटीचा हिशेब राखण्याचा होता. परंतु चाळीस वर्षे मागवाल्यांच्या पेढ्यांवर दिवाणजी म्हणून खतावण्या लिहिण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यात आणखीही एक गोष्ट दिसते. ज्या लष्करात निघताना प्रत्येकाचे सामान मोजले जाते, त्या लष्करातला माणूस निघण्यापूर्वी आपण काय नेतो आहोत याचा एकदा तरी विचार करतोच.

हे सारे आठवण्याचे निमित्त असे घडले की, आमच्या गल्लीतला एक मुलगा, ज्याचे वडील बारा मागांचे मालक आहेत आणि ज्याला स्वतःला मागांपेक्षा डोंगरांची ओढ अधिक आहे, उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत शिकून आला आणि पुढच्या वर्षी हिमालयातले एखादे शिखर दोघातिघांनीच, हमालांवाचून, सारे ओझे स्वतःच्या पाठीवर वाहून चढावे असे त्याच्या मनाने घेतले. एके संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "काका, दोनच गोष्टी सांगा. सॅक कुठली घेऊ, आणि बरोबर कुणाला नेऊ?" मी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो लिंबू-सरबताच्या पेल्यात, तरीही पन्हाळ्याहून विशाळगडापर्यंतची आषाढातली वाट मी अनेकदा चाललो आहे, आणि कापडाचा व्यवहार तर जन्माचाच, म्हणून त्याने मला विचारले असावे. त्याला तेव्हा मी जे उत्तर दिले ते तोकडे होते. त्या दोन प्रश्नांचा या मुलखातला इतिहास मात्र तोकडा नाही.

पहिल्यांदा जोडीदाराचाच प्रश्न घेऊ, कारण आपल्या पूर्वजांनीही तो आधी सोडवला. ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद करून ठेवले आहे की, शिवाजी महाराजांच्या चाकरीत नवा माणूस घ्यावयाचा तर आधीपासून चाकरीत असलेल्या कुणीतरी त्याच्या वर्तनाबद्दल आणि इमानाबद्दल जामीन राहावे लागे. या एका नियमाचे मर्म मोठे खोल आहे. नवा माणूस तलवार कशी चालवतो, घोडा कसा फेकतो, हे पारखता येते. परंतु रात्री पहाऱ्यावर त्याला झोप लागेल की नाही, भाकरी एकच उरली असता तो तिचे दोन तुकडे करील की नाही, हे कोणत्याही परीक्षेत उमगत नाही. ते फक्त त्याच्याबरोबर जो जेवला-झोपला असेल त्यालाच ठाऊक असते. म्हणून सरकारने स्वतःची नजर बाजूला ठेवून सोबत्याची जबान मोलाची मानली, आणि ती नुसती शिफारस राहू नये म्हणून तिला जामिनाचे ओझे बांधले. गडावरची रचनाही याच जातीची होती. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एका दर्जाचे, वेगवेगळ्या जातींचे, आणि एकमेकांच्या संमतीवाचून कारभार न करणारे. विश्वास आणि पहारा ही दोन्ही कामे एकाच दोरीने करवून घेण्याची ती युक्ती होती.

आमच्या भागातल्या कोणत्याही माणसाला सोबत या शब्दाचा अर्थ विचारा, तो पन्हाळ्याकडे बोट दाखवील. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहराचा वेढा गडाला पडला होता, आणि आषाढी पौर्णिमेच्या भरपावसाच्या रात्री, जुलैच्या १२ तारखेस, महाराज सुमारे सहाशे माणसांनिशी विशाळगडाकडे जाण्यासाठी गडाखाली उतरले. दुसऱ्या पालखीत बसून शत्रूला चकवण्यासाठी गेलेला शिवा काशीद, आणि घोडखिंडीत सिद्दी मसूदाच्या फौजेला अडवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे, ही दोन नावे पोरासोरांनाही पाठ असतात. मला मात्र त्या रात्रीतली जी गोष्ट नेहमी थांबवते ती पालखीची आहे. मसाई पठारावरून, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, पांढरेपाणी अशा आजही चिखल-जळवांनी भरलेल्या वाटेने, रात्रभर आणि पुढचा दिवसभर, साठ-पासष्ट किलोमीटर, खांदे बदलत बदलत पालखी नेणे म्हणजे काय याची कल्पना ती वाट पावसात चालल्याखेरीज येत नाही. खांदा बदलणाऱ्याला थांबता येत नाही. पुढच्याचा खांदा निघण्याच्या आत मागच्याचा खाली सरकावा लागतो, आणि तो सरकेल याची खात्री मागे वळून न पाहता असावी लागते. हे बांदलांचे मावळे होते. बाजीप्रभू त्या बांदल देशमुखांचेच देशपांडे. एका खोऱ्यातली, एका वतनाच्या मांडवाखाली वाढलेली ही माणसे. त्यांना कुणी शोधून, जमवून, एकत्र बांधले नव्हते. ती आधीच बांधलेली होती.

विशाळगडाचे जुने नाव खेळणा, आणि या खेळण्याशी आमच्या गावाचा जो धागा जुळतो तो मोठा विलक्षण आहे. बहमनी वजीर महमूद गवान याने १४६९ च्या पुढे कोकणपट्टीत स्वारी करून खेळण्याला वेढा घातला तेव्हा, मुधोळकर घोरपड्यांच्या घराण्यातली परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांचा एक पूर्वज घोरपडीच्या कमरेला दोर बांधून कडा चढला, आणि त्या पराक्रमाबद्दल मिळालेल्या फर्मानातून 'घोरपडे' हे उपपद घराण्याला लाभले. त्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दल इतिहाससंशोधकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त असतील. शिवाय एक घोरपड एका मावळ्याचा भार पेलील काय, हा प्रश्न मी ज्या ज्या डोंगरचढ्याला विचारला त्या प्रत्येकाने हसून मान हलवली. परंतु आख्यायिकेचे खरेखोटे बाजूला ठेवले तरी तिच्यात एक शहाणपण आहे: कड्यावर पहिला जो जातो तो दोर पक्का धरून बसला पाहिजे, मग तो माणूस असो वा घोरपड. पुढे याच आडनावाच्या संताजी घोरपड्यांच्या आश्रयास कोकणातून आलेला नारो महादेव जोशी हा तरुण राहिला, कर्तबगार निघाला, आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेने त्याने आपले आडनाव टाकून घोरपडे हे नाव धारण केले. तोच इचलकरंजी जहागिरीचा मूळ पुरुष. याच घराण्यातल्या बाबासाहेब घोरपड्यांच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्या एका मागाच्या वंशवृक्षाची जी फांदी पंचगंगेच्या या अंगाला फुटली ती म्हणजे आजचे कबनूर. कडा चढणाऱ्या प्राण्याचे नाव मिरवणाऱ्या जहागिरीने कापड विणणारा मुलूख निर्माण केला, आणि आता त्या मुलखातले पोर कापडाची पिशवी पाठीला लावून पुन्हा कड्यावर निघाले आहे.

आता पिशवीकडे येतो. आपल्या लोकांनी ओझे पाठीवर क्वचितच घेतले. आपला भर खांद्यावर आणि डोक्यावर. पंढरीच्या वारकऱ्याची पडशी ही पुढे-मागे दोन कप्पे लोंबणारी, एका खांद्यावर टाकावयाची थैली. तिचा गुण असा की पुढचा आणि मागचा भार एकमेकांना तोलून धरतात, आणि अवगुण असा की चढावर पुढचा कप्पा गुडघ्याला लागतो. स्वाराची खुर्जी तीच, फक्त घोड्याच्या पाठीवर. घोड्याला चंदी खाऊ घालावयाची पिशवी म्हणजे तोबरा, आणि आपली पोरे ज्याला अजून 'हॅवरसॅक' म्हणतात तो शब्दही जर्मन शिपायाच्या घोड्याच्या ओटच्या पोत्यावरूनच निघालेला. म्हणजे दोन्हीकडे घोड्याच्या तोंडची पिशवी, तिकडे ती माणसाच्या पाठीवर चढली, इकडे घोड्यापाशीच राहिली. पावसापुरते बोलावयाचे तर आमच्या शेजारच्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत दसऱ्यानंतर भंडाऱ्यात न्हालेल्या ज्या घोंगड्या दिसतात त्यांच्याएवढे बहुगुणी वस्त्र अजून कुठल्या कारखान्यात निघाले असे मला वाटत नाही. दुमडून डोक्यावर खोळ घातली की पाऊस थोपतो, अंथरली की बिछाना, गुंडाळून दोरी बांधली की वळकटी, आणि तिच्यातच भाकरी, मीठ-मिरची, चंची. भिजलेली घोंगडी जड होते हे खरे. पण तिच्यात थंडी शिरत नाही, आणि तेलकट लोकरीवरून पाण्याचे थेंब ओघळतात ते मी तासन्‌तास पाहिले आहेत.

या पडशी-वळकटीच्या जमान्यातली बिशाद कशी असे आणि सोबत कशी जमे, हे पाहावयाचे तर विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' वाचावा. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण, घरावरचे कर्ज फेडण्याच्या आशेने, बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाची वार्ता ऐकून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला, आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. बरोबर कोण, तर काका रामभट. काकाला कुणी निवडले नव्हते. घरचा वडीलधारा माणूस बरोबर असावा एवढाच तो विचार. झाशीच्या वेढ्यात दोघे सापडले, कनवटीचे पैसे गेले, जीव तेवढे राहिले. आणि गावी परतताना या माणसाने खांद्यावर जे ओझे आणले ते द्रव्याचे नव्हते, गंगेच्या पाण्याची कावड होती, आईबापांना स्नान घालण्यासाठी. सभासदाच्या हिशेबात अशा बिशादीला कुठले खाते असते कोण जाणे. पुढे १९१२ मध्ये काका कालेलकर हिमालयात पायी हिंडले तेव्हाही सोबती दोन, स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. त्या तिघांची गाठ आधी विचारांनी पडली होती, डोंगर मागून आला.

खऱ्या अर्थाने पाठीवरची पिशवी मराठी माणसाच्या हाती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, 'डिस्पोजल'च्या मालातून. लष्कराने टाकून दिलेल्या मेणकापडी आणि कॅनव्हासच्या थैल्या, पितळी कड्या, रुंद पट्टे, बूट, हे सारे मुंबई-पुण्याच्या बाजारांतून पडत्या भावाने विकले जाऊ लागले. तेनसिंग १९५३ मध्ये एव्हरेस्टवर चढला, दुसऱ्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची संस्था निघाली, आणि त्याच १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' स्थापन झाली. त्या पिढीची कॅनव्हासची सॅक मी हाताळली आहे. रिकामी असतानाच ती आजच्या भरलेल्या पिशवीइतकी जड वाटे, भिजल्यावर तर विचारूच नका. पण तिच्या कापडाला मी नखाने ओरखडा काढून पाहिला, सूत हलले नाही. तोपर्यंत परदेशात मात्र पिशवीची तऱ्हा पालटली होती. नॉर्वेतल्या ओले बर्गन याने पाठीच्या आकाराची चौकट १९०९ मध्येच पेटंट केली होती. अमेरिकेतल्या केल्टी नावाच्या गृहस्थाने १९५२ पासून ॲल्युमिनियमची चौकट आणि कमरेचा पट्टा असलेल्या पिशव्या विकण्यास आरंभ केला, आणि भार खांद्यावरून उतरून कमरेवर बसला. आमच्या बायका पाण्याची घागर कमरेवर का घेतात याचे उत्तर त्यात होते. ते कुणी आधी विचारले नाही एवढेच.

मग नायलॉन आले, आणि इथे आमच्या कबनुरी डोळ्यांची जी फजिती झाली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचा सारा व्यवहार सुताच्या 'काउंट'चा. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका तो काउंट. म्हणजे आकडा चढेल तसे सूत बारीक. वीसचे जाड, ऐंशीचे तलम, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळते. नायलॉनचे माप 'डेनियर', रेशमाच्या व्यापारातून आलेले: नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर, म्हणजे आकडा चढेल तसा धागा जाड. मी पहिल्यांदा एका सॅकच्या चिठ्ठीवर '४२०' वाचले तेव्हा मनात म्हटले, एवढे तलम कापड डोंगरावर काय टिकणार! आणि २१० वाली पिशवी जाड समजून विकत घेतली. उलट्या मापाने माणूस कसा उलटा फसतो याचे हे उदाहरण मी पुढे अनेक मागवाल्यांना सांगितले, आणि त्यांतल्या निम्म्यांनी कबूल केले की तेही तसेच फसले असते.

कापड पारखण्याची आमची रीत साधी आहे. उजेडाकडे धरावे, भिंग लावून एका इंचात उभे धागे किती आणि आडवी पिके किती ते मोजावे, तिरप्या दिशेने ताणून पाहावे, काठाशी बघावे. चांगल्या सॅकच्या कापडात थोड्या थोड्या अंतराने एक जाड धागा उभा-आडवा टाकलेला असतो, त्यामुळे बारीक चौकटी उमटतात. कुठे फाटलेच तर फाटणे त्या चौकटीच्या बांधापाशी अडते, जसे पाटातल्या पाण्याला शेताचा बांध अडवतो. आतून मेणासारखा लेप असतो, तो अंगठ्याने चोळला असता पापुद्रे सुटू नयेत. हे सर्व ठीक. परंतु या सर्व परीक्षा कापडाच्या आहेत, आणि पिशवी कापडात फाटत नाही. हे मला १९९४ च्या जुलैत कळले.

त्या वर्षी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतलेली ती २१० वाली सॅक घेऊन पन्हाळ्याहून निघालो होतो. बरोबर आमच्या पेढीवरचा एक जॉबर होता. माग दुरुस्त करणारा, अबोल, तंबाखूखेरीज कशाचा शौक नसलेला. त्याला मी बरोबर घेतले नव्हते. ज्याला घेतले होते तो शिकला-सवरलेला, गड-किल्ल्यांवर तासभर बोलणारा स्नेही आदल्या रात्री पाऊस पाहून येईनासा झाला, आणि जॉबर आपण होऊन, "मी येतो की दिवाणजी," म्हणाला. मसाई पठारावर धुके इतके होते की पुढच्याची पाठ दिसे आणि पाय दिसत नसत. कुंभारवाडी मागे टाकून उतरताना एका ओहोळात माझा पाय घसरला, सॅकला हिसका बसला, आणि उजवा पट्टा पाठीच्या वरच्या कडेशी, जिथे तो कापडात शिवलेला असतो तिथे, चरचर उसवत गेला. कापड जसेच्या तसे होते. फक्त शिवणीचे टाके, दोन बोटांच्या अंतराने एक असे घातलेले, एकामागून एक सुटले. मी तिथेच दगडावर बसलो. जॉबराने काही न बोलता स्वतःची गोणपाटाची पिशवी उतरवली, तिच्यातून सुपारीच्या डबीत ठेवलेले दाभण आणि मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी काढली, आणि पावसात, माझी छत्री माझ्याच हाती धरायला लावून, पट्टा पुन्हा शिवला. आधी आडवे तीन टाके, मग त्यांना कैची मारून तिरपे, मग कडेला चौकोन. मागाच्या पट्ट्याला तो असेच टाके घालतो हे मी शेकडो वेळा पाहिले होते. ती सॅक मी पुढे अकरा वर्षे वापरली. दुसरा पट्टा दोनदा गेला, तो शिवलेला कधी गेला नाही.

मागाहून मी गिर्यारोहणाच्या कथा वाचू लागलो तेव्हा हीच दोन प्रकरणे जगाच्या पाठीवर पुनःपुन्हा घडलेली आढळली. १८६५ च्या जुलैत व्हिंपर हा तरुण इंग्रज चित्रकार मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी आला तेव्हा त्याचा नेहमीचा वाटाड्या कारेल त्याला सोडून इटालियन मंडळींकडे गेला होता. हातघाईवर येऊन त्याने वाटेत भेटलेल्या लॉर्ड फ्रान्सिस डग्लसला जोडीस घेतले, झरमॅटच्या हॉटेलात गिर्यारोहक हडसन आणि वाटाड्या क्रोझ भेटले, आणि एका संध्याकाळीत जमलेल्या या टोळीत हडसनबरोबरचा एकोणीस वर्षांचा हॅडो हा नवखा पोरगाही आला. व्हिंपरने हडसनला विचारले, हा चालेल ना? हडसनने ग्वाही दिली. मॉं ब्लां तो पुष्कळांपेक्षा चपळाईने चढला आहे, असे सांगितले. हाच तो जामीन. शिखर सर झाले, उतरताना हॅडो घसरला, क्रोझवर आदळला, हडसन आणि डग्लस ओढले गेले, आणि डग्लस व म्हातारा वाटाड्या टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. जवळच्या दोरांपैकी सर्वांत कमजोर तोच होता. सातांतले चार गेले, त्यांत जामीन राहिलेला हडसनही. जामिनाची रक्कम दोराच्या त्याच टोकाला बांधलेली असते हे फडणिशी दफ्तरात कुणी लिहून ठेवलेले नाही, कारण ते लिहावे लागत नसे.

आणि बिशादीचे प्रकरण १९५० चे, अन्नपूर्णेवरचे. एरझोग आणि लाशेनाल हे फ्रेंच वीर ३ जूनला शिखर गाठून उतरत असता एरझोगने काही काढण्यासाठी पाठीवरची पिशवी उतरवली, आणि हातमोजे डोळ्यांदेखत उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जादा पायमोजे होते; वेळ पडली तर हातात घालावेत म्हणूनच ते घेतलेले होते; परंतु उंचीवरच्या विरळ हवेत त्याला ते आठवलेच नाहीत, आणि त्याची बोटे गेली. सामान बरोबर असणे आणि ते आपल्याजवळ आहे हे लक्षात असणे या दोन निराळ्या मिळकती आहेत. आपल्या मुलखातल्या मोठ्या मोहिमांना, 'गिरिविहार'च्या १९८८ च्या कांचनजंगेपासून पुण्याच्या 'गिरिप्रेमी'च्या २०१२ च्या एव्हरेस्टपर्यंत, माणसांची ददात पडली नाही याचे कारण मला असे दिसते की त्या मंडळींनी सह्याद्रीच्या कड्यांवर वर्षानुवर्षे एकमेकांचे दोर धरलेले होते. आमच्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२१ मध्ये एव्हरेस्टवरून माघारी आली आणि २०२२ च्या मे महिन्यात शिखरावर पोचली. लोक दुसऱ्या वर्षाचे कौतुक करतात, मला पहिल्या वर्षाचे अधिक वाटते.

दोघातिघांनी हलक्या सामानानिशी चढण्याच्या ज्या पद्धतीचे त्या मुलाला वेड लागले आहे तिला युरोपात आल्प्सचे नाव देतात. १९७५ मध्ये मेस्नर आणि हाबेलर हे दोघेच गाशेरब्रुम चढून आले तेव्हापासून तिची प्रतिष्ठा फार वाढली. दुसरी पद्धत वेढ्याची: हमालांच्या रांगा, तंबूंमागून तंबू, दोरांसाठी मेखा मारत वर सरकणारी आघाडी. आपल्याकडच्या इतिहासाच्या भाषेत बोलावयाचे तर दुसरी आलमगिराची छावणी, पहिली मावळी स्वारी. मावळी स्वारीत बुणगे नाहीत, म्हणून वेग आहे. परंतु बुणगे नाहीत म्हणूनच तिथे उसवलेला पट्टा शिवून देणारा चौथा माणूसही नाही. जे आहे ते पाठीवर, आणि जो आहे तो दोराच्या पलीकडच्या टोकाला.

त्या संध्याकाळी मी मुलाला एवढे सगळे सांगितले नाही. मी म्हटले, सॅक घेऊन ये, आणि ज्याला नेणार त्यालाही घेऊन ये. आठ दिवसांनी तो आला. सॅक नवी कोरी, निळी, पंचाहत्तर लिटरची, आणि जोडीदार कोल्हापूरचा एक पोरगा, बोलण्यात चटपटीत. मी दोघांना घेऊन जॉबरमामांकडे गेलो. आता ते काम करीत नाहीत, ओसरीवर बसून असतात, ऐकू कमी येते. त्यांनी सॅक उलटी केली, आतली बाजू बाहेर काढली, कापडाकडे पाहिलेच नाही. पट्टे जिथे जोडलेले होते तिथे अंगठा घालून एकेक टाका मोजला.

"कापाड लई भारी हाय," ते म्हणाले. "टाकं बी बरं हायत. हितं एक कैची मारून घ्या." मग त्यांनी त्या जोडीदाराकडे पाहिले. "ह्याच्यासंगं कुठं गेलायस?"

मुलगा म्हणाला, कोर्सला दोघे एकाच तुकडीत होते.

"तितं सगळं सरकारी. मास्तर हाय, डॉक्टर हाय. औंदा आषाढात दोघं पन्हाळ्यावरनं इशाळगडाला जाऊन या. एकच पिशवी न्या, आळीपाळीनं. मग सांगतो."

जोडीदार हसला, पण मुलाने मान हलवली. जॉबरमामांनी यादी मागितली. ती मोबाइलमध्ये होती, म्हणून त्याने वाचून दाखवली, दोर, मेखा, शेगडी, तंबू, मोजे जादा दोन, औषधे, आणि बरेच काही ज्यांची नावे मामांना कळली नाहीत. ती संपली तेव्हा मामा उठले, आत गेले, आणि एक जुनी सुपारीची डबी घेऊन बाहेर आले. डबी त्यांनी स्वतःच सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि मला म्हणाले, "दिवाणजी, लिहून घ्या. दाभण एक."